उदाहरणातले जग: शालेय गणित आणि न्यायाचा प्रश्न

शालेय गणितातले शाब्दिक उदाहरण कधीच रिकामे नसते. एक गवळी वीस लिटर दुधात पाच लिटर पाणी घालतो आणि ते सगळे दुधाच्याच भावाने विकतो, तर त्याला शेकडा नफा किती? अशी उदाहरणे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी सोडवली आहेत. उत्तर २५ येते आणि ते अचूक आहे. गवळ्याने गिऱ्हाइकाला फसवले, ही गोष्ट मात्र उत्तराच्या वाटेत कुठेच आडवी येत नाही. वहीवर बरोबरची खूण मिळते तेव्हा मुलाला शेकडेवारी आलेली असते, आणि नफ्याचा हिशेब करताना बाकी काही विचारायचे नसते हेही आलेले असते. हा दुसरा धडा अभ्यासक्रमात कुठेही छापलेला नाही.

मुलांचे रोजचे जगणे आणि त्यांना भेडसावणारे सामाजिक प्रश्न, म्हणजे पाणी, रेशन, मजुरी, कर्ज, शाळेचे अंतर, हे गणिताच्या तासाला आणावेत असा आग्रह गेली चाळीसेक वर्षे जगभर धरला जात आहे. वरवर हा अध्यापनपद्धतीचा विषय दिसतो. खोलात गेले की दोन जुने तात्त्विक प्रश्न समोर येतात. गणिताचे सत्य जगण्यात सापडते की जगण्यापासून दूर गेल्यावर? आणि संख्येतून नीती निघू शकते का?

पहिल्या प्रश्नाचे ठाम उत्तर प्लेटोने दिले. ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात राज्यकर्त्यांनी अंकगणित शिकलेच पाहिजे असे तो सांगतो, पण दुकानदारांसारखे खरेदी-विक्रीपुरते नव्हे. बदलत्या जगाकडून नित्य सत्याकडे आत्म्याचे तोंड वळावे यासाठी ते शिकायचे. व्यवहारातले गणित हलके आणि केवळ विचारातले गणित उच्च ही उतरंड आजही शाळेत दिसते. तिचे मूळ इथे आहे. गंमत अशी, की उतारवयात लिहिलेल्या ‘लॉज’मध्ये हाच प्लेटो इजिप्तमधल्या शिक्षणाची वाखाणणी करतो. तिथे म्हणे सफरचंदे आणि हार कधी कमी, कधी जास्त मुलांत वाटून खेळता खेळता हिशेब शिकवतात. सत्याची चढण सफरचंदापासून सुरू व्हायला हरकत नाही, एवढे त्यालाही मान्य होते.

भारतीय परंपरेत ही उतरंड इतकी कडक नव्हती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भुंगे, कमळे, मोर आणि साप यांच्या जोडीला व्याज, सोन्याचा कस आणि धान्याचे भाव सुखाने नांदतात. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता आणि त्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे ही गणिते प्रत्यक्ष शिकवली जात होती. त्यांतले एक नीट पाहण्यासारखे आहे. व्यस्त त्रैराशिकाचा नियम सांगताना भास्कराचार्य उदाहरण घेतात ते असे: सोळा वर्षांच्या दासीची किंमत बत्तीस निष्क असेल, तर वीस वर्षांच्या दासीची किती? सोळाला बत्तिसाने गुणून विसाने भागले की २५ पूर्णांक ३/५ निष्क. त्याला लागूनच नांगराच्या बैलाचे उदाहरण येते. वय वाढले की किंमत उतरते, हा नियम दोघांना सारखाच लागू. बाराव्या शतकात स्त्री विकली जाणे हे बाजारातले रोजचे जगणे होते, म्हणून ते गणितात आले. रोजचे जगणे गणितात आणले की गणित आपोआप माणुसकीचे होते, असे मानणाऱ्याने हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावे. रीत निर्दोष आहे आणि उत्तरही बिनचूक आहे.

ज्ञानाच्या बाजूने पाहिले तर जगण्यातल्या गणिताची ताकद आता वादाची राहिलेली नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि अनालुसिया श्लीमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि १९८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. मुले अवघी पाच, वये नऊ ते पंधरा. संशोधक गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले. बारा वर्षांच्या एका मुलाकडे नारळ पस्तीस क्रुझेरोला एक होता आणि गिऱ्हाइकाला दहा हवे होते. पोराने तिनाचे एकशे पाच धरले, आणखी तीन घेऊन दोनशे दहावर आला. अजून चार राहिले असे म्हणत तीनशे पंधरापर्यंत पोचला आणि मग तीनशे पन्नास सांगितले. दहाने गुणायचे तर पुढे शून्य ठेवावे, हे शाळेत शिकवलेले त्याच्या कामी आले नाही. तीन नारळांचा भाव त्याला पाठ होता, तो आला. बाजारात या मुलांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब शाब्दिक उदाहरण म्हणून दिले तेव्हा प्रमाण ७४ टक्क्यांवर उतरले, आणि नुसती आकडेमोड कागदावर मांडून दिली तेव्हा ३७ वर. ब्राझीलमध्येच उबिरातान डी’अँब्रोसिओ यांनी प्रत्येक समाजाचे आपले गणित असते हा विचार त्याच सुमारास मांडला होता, त्याला यातून बळ मिळाले.

पण या निष्कर्षाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुले होती. अर्धा-पाऊण किलोचे अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेतली साधी वजाबाकी-भागाकाराची उदाहरणे सोडवताना अडखळली. उलट शाळेत जाणारी, पण बाजारात न बसणारी मुले कागदावर तरबेज आणि भाजीच्या हिशेबात गारद. रस्ता दोन्हीकडून बंद होता. पाठ्यपुस्तकात कांदे-बटाटे छापले की पूल बांधला गेला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

शाळा या पुलाखालची माती कशी काढून घेते, याचा एक नमुना फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे १९८०च्या सुमारास मिळाला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती, असे प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारले. ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांवर काहीतरी क्रिया करून वय सांगितले. मुले मंद नव्हती. गणिताच्या तासाला विचारलेला प्रश्न खरा नसतो, त्यातल्या आकड्यांचे काहीतरी करून दाखवायचे असते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. दूधवाल्याच्या उदाहरणावर वाढलेला विद्यार्थी याहून वेगळे काय करेल?

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. पंतोजीच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत, ती बाजारात आणि कुळकर्ण्याच्या दप्तरात लागे म्हणून. पण ती शाळा सगळ्यांची नव्हती. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. ही मागणी सोयीपुरती नव्हती. सावकाराच्या आणि सरकारी कागदावरचा आकडा ज्याला वाचता येत नाही त्याला तो खोडताही येत नाही, हे त्यांनी शूद्रातिशूद्र शेतकऱ्याच्या बाबतीत पाहिले होते.

गांधींची वाट निराळी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत उद्योगातून शिक्षणाची कल्पना पुढे आली आणि सेवाग्रामच्या नई तालीममध्ये टकळी हेच गणिताचे पुस्तक झाले. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. गुंडीत किती फूट सूत, तासाला किती तार, सरासरी किती, वाया किती गेले, हे सगळे मुलाच्या हातातल्या सुतावर. इथे रेसिफेतल्या मुलासारखे हिशेब खरे होते आणि शाळाही होती. त्यामुळे पूल बांधण्याचा हा प्रयत्न फार गांभीर्याने घ्यावा लागतो. त्याची मर्यादा अशी, की टकळी सगळ्यांसाठी अगोदरच निवडलेली होती. सूतच का, ते कोणी विकत घ्यावे आणि किती भावाने, हा प्रश्न मुलाने विचारायचा नव्हता.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर एनसीईआरटीने काढलेल्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांत हे थोडे बदलले. चौथीच्या पुस्तकात पाटण्याला भंगाराचे दुकान चालवणारी किरण आली, पाचवीच्या पुस्तकात मासे वाळवण्याचा धंदा उभा करायला निघालेल्या कोळणी आल्या आणि त्यांचे कर्ज, त्यांचा खर्च हाच धडा झाला. काम करणारी बाई हिशेबाची मालकीण म्हणून गणिताच्या पुस्तकात दिसणे ही छोटी गोष्ट नव्हे.

आता दुसरा प्रश्न, संख्येतून नीती निघते का हा. अमेरिकेत शिकागोच्या एका मेक्सिकन वस्तीतल्या शाळेत एरिक गुटस्टीन यांनी शिकवलेल्या उदाहरणांत एक असे होते: एका बी-२ बॉम्बर विमानाच्या किमतीत शाळेतून बाहेर पडणाऱ्या सगळ्या मुलांच्या चार वर्षांच्या कॉलेजचा खर्च किती वर्षे भागेल? मोठ्या संख्यांचा भागाकार शिकता शिकता सरकार पैसा कशावर खर्च करते हे मुलांना दिसावे, हा हेतू. ब्राझीलच्या पाउलो फ्रेइरे यांनी साक्षरतेबद्दल जे म्हटले, की अक्षर वाचणे आणि जग वाचणे एकच, ते गुटस्टीन संख्येला लावतात. त्यांचे २००६ चे पुस्तक या विचाराचे प्रमुख पुस्तक मानले जाते.

त्याच्या शेजारी जर्मनीतले १९३० च्या दशकातले एक उदाहरण ठेवावे. नाझी राजवटीतल्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात विचारले होते: वेड्यांच्या इस्पितळाच्या बांधकामाला साठ लाख मार्क लागले, प्रत्येकी पंधरा हजार मार्कांची किती घरे त्यात बांधता आली असती? उत्तर ४००. यातही सामाजिक प्रश्न आहे, सरकारी खर्च आहे, मुलाच्या ओळखीचे घर आहे. बॉम्बरचे गणित आणि हे गणित यांची रचना हुबेहूब एक आहे: एका खर्चाला दुसऱ्या खर्चाने भागा आणि भागाकार पाहून चिडा. १९३९ पासून अशा रुग्णांना ठार मारण्याची मोहीम सुरू झाली. या मोहिमेच्या हार्टहाइम येथील केंद्रात सापडलेल्या अहवालात मारलेल्या ७०,२७३ माणसांमागे किती बटाटे, किती पाव, किती मुरंबा वाचला याचे कोष्टक आहे. ते कोष्टक मांडणाऱ्याला गणित उत्तम येत होते.

हे दोन भागाकार एकमेकांपासून वेगळे करणारी कोणतीही खूण गणितात नाही. ‘आहे’पासून ‘असावे’ काढता येत नाही, ही अडचण डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये मांडली. संख्येला ती तंतोतंत लागू पडते. इस्पितळ आणि घर एकमेकांचे पर्याय आहेत, रुग्णावरचा खर्च हा वाया गेलेला खर्च आहे, हे गृहीत भागाकाराच्या आधीच ठरलेले असते, आणि ते विद्यार्थ्याला दिसत नाही कारण त्याचे लक्ष शून्ये मोजण्यात असते. सामाजिक उदाहरणाचा धोका नेमका इथे आहे. गणिताचा खरेपणा त्यातल्या गृहीताला उसना मिळतो. बॉम्बरचे उदाहरण देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, ही उसनवारी त्यालाही चुकत नाही.

तेव्हा सामाजिक प्रश्न गणितात आणण्याचे समर्थन ‘त्यातून मुले न्याय शिकतात’ असे करता येत नाही. समर्थन दुसरे आहे आणि ते जास्त मजबूत आहे. उदाहरण कोणीतरी मांडलेले असते, वेगळे मांडता आले असते, आणि कशाला कशाने भागायचे हे ठरवणारा माणूस उत्तर देणाऱ्यापेक्षा बलवान असतो, हे मुलाला फक्त खऱ्या उदाहरणातच कळू शकते. जहाजाच्या कप्तानाबद्दल भांडायला कोणी उठत नाही. घरांच्या उदाहरणात मात्र कोणीतरी उठून विचारू शकतो, की घरांची तुलना इस्पितळाशीच का, रणगाड्याशी का नाही? डेन्मार्कचे ओले स्कोव्हस्मोसे यांनी १९९४ मध्ये चिकित्सक गणितशिक्षणाचे तत्त्वज्ञान मांडले, त्याचा गाभा साधारण हाच आहे: गणित जगाचे वर्णन करते तसेच ते जग घडवतेही, म्हणून त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे.

व्याजाचे प्रकरण यासाठी मोठे सोयीचे आहे, कारण त्यात धर्मशास्त्र आणि गणित समोरासमोर येतात. शेकडा दरमहा तीन रुपये हा खासगी सावकारीतला नवलाचा दर नाही. हजार रुपयांवर महिन्याला तीस रुपये सरळव्याज म्हटले, तर तेहेतीस महिने आणि दहा दिवसांत व्याज मुद्दलाइतके होते. दरमहा चक्रवाढ धरले तर चोविसाव्या महिन्यातच रक्कम दोन हजारांपुढे जाते. सूत्राला थांबायचे कुठे हे ठाऊक नसते. मुदत वाढवा, रास वाढत जाते. स्मृतिकारांनी मात्र मर्यादा घातली होती: एकदम घ्यायचे व्याज मुद्दलाच्या दुपटीपुढे रक्कम नेऊ शकत नाही, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. हीच दामदुपटीची रीत, आणि ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही ती पाळली. अर्थात नियम असून १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळलेच, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. सातवी-आठवीच्या वर्गात ‘व्याज मुद्दलाइतके केव्हा होईल’ हे उदाहरण सोडवून झाल्यावर ‘तिथे थांबवावे का’ असे विचारता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सूत्रात आहे. दुसऱ्याचे नाही, आणि ते तिथे नाही हे कळणे हा गणिताचाच भाग आहे.

मुलांचे स्वतःचे जगणे वर्गात आणताना आणखी एक पेच येतो. बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले साखरशाळेत किंवा गावच्या शाळेत अर्धे वर्ष बसतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याने मुकादमाकडून एक लाख रुपये उचल घेतली, २०२४ च्या जानेवारीत ठरलेला टनाला ३६६ रुपये हा दर धरला आणि रोज दोन टन ऊस तोडला, तर उचल फिटायला १३७ दिवस लागतात. हंगाम चार महिन्यांत आटोपला तर एकही खाडा न पडता ८७,८४० रुपये होतात आणि १२,१६० रुपये अंगावर राहतात. यात खाणेपिणे, दवाखाना काहीच धरलेले नाही. गुणाकार, भागाकार आणि वजाबाकीसाठी यापेक्षा खरे उदाहरण मिळणे कठीण.

पण ज्या वर्गात तिसऱ्या बाकावर त्याच कोयत्याचा मुलगा बसला आहे, तिथे हे उदाहरण फळ्यावर कोणी आणि कसे मांडायचे? त्याच्या घरचे कर्ज चाळीस मुलांच्या वहीत उतरते. ज्यांच्या घरी उसाची शेती आहे त्यांच्या घरचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. गरिबाचे जगणे उदाहरण होते आणि सुखवस्तूचे जगणे खासगी राहते, ही विषमता अशा अध्यापनात सहज शिरते. हिशेब मुकादमाच्या आणि कारखान्याच्या बाजूनेही मांडला, म्हणजे एका टोळीमागे मुकादमाला किती, एका टनाच्या साखरेमागे कारखान्याला किती, तर नजर मुलाच्या घरावरून उठून व्यवहारावर जाते. एवढे ज्याला जमत नाही त्या शिक्षकाने शेळ्या-मेंढ्यांचे उदाहरण घेतलेलेच बरे.

शिक्षकाची स्वतःची स्थितीही यात येते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्याचे प्रमाण ठरलेले आहे. चौथीत आज ३७ मुले हजर, तर तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम. मुलांनी काटा आणून खरोखर वजन केले, तर दशांश अपूर्णांक एका दिवसात कळतात. हजेरीपटावर ४५ हजर दाखवले असतील तर त्याच दिवशी आणखीही काही कळते. मुलांना खरे मोजायला शिकवणारा माणूस त्याच व्यवस्थेचा नोकर असतो, आणि ही शिकवण्याची पद्धत लिहिणारी पुस्तके त्याच्या नोकरीबद्दल क्वचितच बोलतात.

सर्वांत तोलाचा आक्षेप मात्र गणिताच्या बाजूचा आहे. इंग्लंडचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात उपयोगी गणित बहुतेक रटाळ असते आणि खरे गणित सौंदर्यासाठी करायचे असते, अशी बाजू मांडली. त्यातला उमरावी तोरा सोडला तरी एक गोष्ट उरते. उसतोडीवाल्याच्या मुलाला सदैव उसाचीच गणिते द्यायची आणि शहरातल्या मुलाला मूळ संख्या अनंत आहेत याची सिद्धता, हा नवा वर्णभेद झाला. पाउलो फ्रेइरेंच्या नावाने तो झाला म्हणून वेगळा ठरत नाही. रेसिफेच्या मुलाची तीन-तीन नारळांची रीत सुंदर आहे. पण नारळ ३७४ असतील तर ती दमते, आणि चक्रवाढ व्याज चोविसाव्या महिन्यात का दुप्पट होते हे घातांकांशिवाय दिसत नाही. जगण्यातून सुरू केलेले गणित जगणे सोडून वर गेले पाहिजे. निरुपयोगी वाटणाऱ्या सुंदर सिद्धतेवर गरीब मुलाचा हक्क कमी नसतो.

राहतो तो गुण देण्याचा प्रश्न. दामदुपट ठेवावी की नाही यावर मत दिल्याबद्दल गुण द्यायचे ठरले, तर मुले शिक्षकाला आवडणारे मत लिहितील. कप्तानाचे वय सांगणाऱ्या मुलांनी हे आधीच दाखवून दिले आहे. आकडेमोडीला गुण द्यावेत. उदाहरणात काय धरले आहे आणि काय सोडले आहे, हे शोधून लिहिण्यालाही द्यावेत, कारण ते तपासता येते: उसाच्या उदाहरणात खाडा धरलेला नाही, दुधाच्या उदाहरणात गिऱ्हाईक धरलेले नाही. त्यापुढचे, म्हणजे काय व्हायला हवे हे, वर्गात बोलावे, वाद घालावा, आणि उत्तरपत्रिकेत विचारू नये.